गुरुवारचा फोन

आमच्याकडे कोणी "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. बरी हाय. पाय मोडलेला असू दे, घरात मयत झालेलं असू दे, आधी बरी म्हणायचं आणि मग जमलं तर बाकीचं. समोरासमोर बसून बोलताना त्यात काही बिघडत नाही, कारण विचारणारा आपल्या तोंडाकडे बघत असतो. फोनवर तोंड दिसत नाही. मला डॉक्टरबाईंना एवढंच सांगायचं होतं. पण त्या म्हणाल्या, सविस्तर लिहून दे, दुसऱ्या बायकांच्या उपयोगी पडेल. म्हणून लिहिते आहे. उपयोगी पडेल का, ते मला माहीत नाही. माझ्या तरी आता पडायचं नाही.

केडगावची खोली

लग्न झाल्यावर आम्ही नगरला लागून असलेल्या केडगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. हे रोज सुप्याला कंपनीत जायचे. डॉक्टरबाईंचा दवाखाना खोलीपासून चालत जाण्यासारखा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मला दिवस गेले तेव्हा मी त्यांच्याकडेच नाव घातलं. बाई तोंडाने फटकळ, पण हात असा हलका की पोट तपासलेलं कळायचंही नाही.

सातवा महिना लागला आणि मी सांगितलं, आता माहेरी जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही विचारायचंच नसतं. माझं माहेर श्रीरामपूरच्या अलीकडचं एक गाव. वडील शाळामास्तर, त्यांना आम्ही दादा म्हणतो, गाव गुरुजी म्हणतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "इतके महिने मी तपासायचं आणि ऐन वेळी तुम्ही पळायचं. कोणी नेवाशाला, कोणी पाथर्डीला. पुढे काय झालं ते मला पेढे आले की कळतं. नाही आले तरी कळतं."

मग त्यांनी त्यांची नवी योजना सांगितली. माहेरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीने गुरुवारी दुपारी त्यांना फोन करायचा. त्या वेळेला त्या दुसरं काम घेणार नव्हत्या, फोनपाशी बसून राहणार होत्या. गावोगाव एसटीडीची दुकानं निघाली होतीच. "एसटीत हादरे खात माझ्याकडे येऊ नका. बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात करा, पण लक्ष माझं राहू द्या. मी विचारीन, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा."

मला ते फार आवडलं. नगरची डॉक्टर माझ्यासाठी फोनपाशी बसून राहणार, याचा मी गावभर तोरा मिरवला. खोटं कशाला बोलू.

रावसाहेबाचं दुकान

आमच्या गावात फोन होता रावसाहेबाच्या किराणा दुकानात. काचेची केबिन केली होती, पण उकडतं म्हणून तिचं दार कायम उघडं. समोर बाकडं. त्यावर एसटीची वाट बघणारे, बिडी ओढणारे, आणि कशाचीच वाट न बघणारेही बसलेले. केबिनमध्ये शिंकलं तरी बाकडं "सत्यं" म्हणायचं.

मी पोट सांभाळत जायची. डॉक्टरबाई एकेक विचारायच्या. बाळ हलतं का? हो. पायाला सूज? हो. चेहऱ्याला? थोडी. डोकं दुखतं? हो. डोळ्यांपुढे अंधारी? मी म्हटलं, हो. बाकड्याला फक्त हो-हो ऐकू जायचं. एकदा एक म्हातारा मला म्हणालाच, "पोरी, समद्याला व्हय म्हनती, सासरी लई सुखात नांदशील."

अंधारीला हो म्हटलं त्याच फोनवर बाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता श्रीरामपूरला जा आणि बीपी तपासून घे. घरी जाऊ नकोस, तिथूनच एसटी धर." मी तशीच गेले. बीपी एवढं चढलेलं की तिथल्या डॉक्टरांनी मला घरी सोडलंच नाही, गोळ्या-इंजेक्शनं देऊन ठेवून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर बाळ गेलं असतं आणि बहुतेक मीही, असं ते म्हणाले.

म्हणून फोनला मी सरसकट शिव्या देणार नाही. पौर्णिमा आज आहे ती त्या एका फोनमुळे आहे.

उंबरा

पौर्णिमा दिवस भरायच्या थोडी आधीच झाली. सुखरूप झाली. घरी आले आणि आईने मला आतल्या खोलीत घातलं. आमच्यात पाचवी-सटवी पुजत नाहीत, माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं सुटलं. पण सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हे मात्र सुटलं नाही. वारा लागतो, नजर लागते. खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी.

मग गुरुवारचा फोन कोणी करायचा? आईला फोन जमत नव्हता, ती म्हणायची, "त्या यंत्रात मला माझाच आवाज ऐकू येतो." शिवाय बाकड्यावरच्या बाप्यांसमोर जाऊन ती बोलणार काय. म्हणजे राहिले दादा. दादा तयार झाले. शर्टाला इस्त्री करून, टोपी घालून, शाळातपासनीस यावा तसे फोनला निघायचे.

पहिल्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, अंगावरून किती जातंय? हे मला नंतर कळलं. मागे बाकड्याचे कान टवकारलेले. मग दादा म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे, बाई." बाईंनीही ओळखलं की मास्तर लाजतात. त्या पुढच्या वेळेपासून एवढंच विचारायला लागल्या, "कशी आहे?" आणि दादा म्हणायला लागले, "बरी आहे."

मी बरी नव्हते. मला आडवं झालं की दम कोंडायचा. उठून बसलं की जरा मोकळं वाटायचं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. कोरडा खोकला थांबत नव्हता. आई म्हणाली, धुरीनं होतंय, म्हणून धुरी बंद केली. तरी तसंच. मग म्हणाली, "आगं, बाळंतिणीला थकवा असतोच. तू झालीस तवा म्या चवथ्या दिवशी दळान केलं हुतं." आणि अंगात ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, वर पाण्याचे तांबे. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि पोरीला मांडीवर घेतलं तरी धाप लागायची.

मी दादांना उंबऱ्याच्या आतून सांगितलं, "दादा, आज त्यांना नीट सांगा. आडवं झोपता येत नाही म्हणावं. दम लागतो म्हणावं."

दादा गेले, आले. "सांगितलं," म्हणाले. "अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या म्हणाल्या."

त्याच आठवड्यात सुट्टीला हे आले होते. बाळंतिणीच्या खोलीत जावयाने फार वेळ बसायचं नसतं, म्हणून दारातच उभे. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "दवाखाना खोलीजवळच आहे. उद्या कामावर जाता जाता डॉक्टरबाईंना समक्ष सांगून येऊ का?" दादा म्हणाले, "कशाला? मी फोन करतोय की दर गुरुवारी." जावयाने त्यात पडणं म्हणजे सासऱ्याचा कमीपणा. हे गप्प बसले. मीही गप्प बसले, बोलायला तेवढा श्वास नव्हता.

टोमॅटोचा टेम्पो

एका सकाळी पौर्णिमाला अंघोळीला द्यायला उचललं आणि डोळ्यांसमोर सगळं काळं झालं. आई सांगते, माझे ओठ निळे पडले होते. टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला टेम्पो रस्त्यात थांबवला, क्रेट उतरवले आणि मला चढवलं. सव्वा महिना भरला नव्हता, तरी उंबरा ओलांडला. मला आठवतंय, बाहेरचा वारा तोंडाला लागला तेव्हा किती बरं वाटलं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि लगेच नगरला पाठवलं. तिथे छातीचा फोटो काढला, मशीन लावलं. हृदयाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरून कंपनीतून आलेल्या ह्यांना दाखवला. मी खाटेवरून ऐकत होते. हृदयाचा स्नायू ढिला पडलाय, बाळंतपणानंतर क्वचित कोणाला होतं, छातीत पाणी भरलंय. काही जणी पुऱ्या बऱ्या होतात, काही अर्ध्या, काही होत नाहीत. लवकर आलं तर बरं होण्याची आशा जास्त असते. मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दम लागतोय?"

आई पदराने तोंड पुसत राहिली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. खाटेशी उभ्या राहून माझा हात धरला, मग दादांकडे वळल्या. "गुरुजी, तिला दम लागत होता?"

"व्हय."

दादा नेहमी शुद्ध बोलतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडून व्हय आलं.

"मी विचारत होते ना कशी आहे?"

"तुमी विचारलं कशी हाय. मी म्हनलं बरी हाय." मग म्हणाले, "समोर मानसं बसलेली असायची, बाई. रावसाहेबाचा मेव्हना जावयाच्याच कंपनीत हाय. पोरीला दम हाय, असं मी तिथं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत सुप्यात बोंब झाली असती, की मास्तरानं दमेकरी पोरगी गळ्यात मारली. मला वाटलं, अशक्तपणा म्हनलं तरी डॉक्टरला कळंल."

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला बरी ऐकायचंच होतं, गुरुजी. आणखी मुलींचे फोन यायचे असायचे."

वॉर्ड

वॉर्डात शांतामावशी नावाच्या आया होत्या. मला झोपता येईना, तर त्यांनी कुठून तरी विटा आणून खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सारल्या. "हितं निम्म्या बायका बसूनच झोपत्यात," म्हणाल्या, "तू काय एकटी राणी न्हाईस." एवढ्या दिवसांत मला हसू आलं ते तेव्हा. नर्सने विटा काढायला लावल्या की मावशी दुपारी पुन्हा सारायच्या.

बाकी दिवस सगळे सारखे. सकाळी वजन, पाणी मोजून, लघवी मोजून. गोळी घेतली की सारखं उठावं लागायचं आणि उठलं की धाप. तहान अशी लागायची की समोरच्या खाटेवरची बाई पाणी प्यायली तर मी तिच्या गळ्याकडे बघत बसायची. भीती वाटायची का, असं लोक विचारतात. मरायची नव्हती वाटत. छाती भरून आलेली असली की पोरगी छातीपाशी नको व्हायची. त्याची वाटायची, की मी आई आहे का कोण आहे.

गोळ्यांमुळे अंगावरचं दूध बंद करावं लागलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, मंगलताई, सुप्याजवळ आमच्या सासरच्या गावी असतात. त्यांचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. त्या वॉर्डात आल्या, पौर्णिमाला उचललं, माझ्याकडे पाठ करून पदराखाली घेतलं. पोरगी चुटूचुटू प्यायला लागली, ते ऐकू येत होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांच्या हातातून पोर ओढून घ्यावीशी वाटली, दोन्ही एकदमच. यातलं मी काहीच केलं नाही. म्हटलं, "ताई, ऊन उतरल्यावर जावा." त्या पोरीला घेऊन गेल्या.

मीठ

घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, मीठ बंद, जड उचलायचं नाही, पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. जड म्हणजे काय, असं मी विचारलं. कळशी, दळणाचा डबा, म्हणाले. आणि मूल? ते म्हणाले, "बसून मांडीवर घ्या. उचलू नका."

सासरी कोणी वाईट बोललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरी झालीस की ये." बस, तेवढंच. बरी झाल्याशिवाय येऊ नको, असं कुठे म्हणाल्या? केडगावची खोली सुटली, हे गावाहून कामाला जायला लागले. मी माहेरी. चूल नाही, धुणं नाही, झाडणं नाही. बाईमाणसाला कामाशिवाय बसवलं की ती घरात पाहुणी होते आणि पाहुणीला कंटाळायचं कसं, ते घरालाही समजत नाही. आई माझ्यावर कधी चिडायची, मग स्वतःवर चिडायची.

दादांनी मीठ सोडलं. कोणाला सांगून नाही. एकदा मी त्यांच्या ताटातली आमटी चुकून चाखली तेव्हा कळलं. मी रागावले, "माझं हृदय गेलंय, तुमचं नाही. खा ना मीठ." ते म्हणाले, "सवय झाली आता." रावसाहेबाच्या दुकानात ते पुन्हा गेले नाहीत. चहापत्ती आणायलाही पलीकडच्या गावात जातात. रावसाहेबाचा त्यात काय दोष? पण दादांना ते बाकडं बघवत नाही.

सुप्यात व्हायची ती बोंब शेवटी झालीच. मास्तराने दमेकरी पोरगी गळ्यात मारली, असं नव्हे, त्याहून वाईट म्हणाले. ज्याच्या भीतीने दादांनी एवढं झाकलं ते सगळं तसंच बाहेर आलं, फक्त मध्ये माझं हृदय गेलं.

डॉक्टरबाईंचा प्रश्न

त्या मला भेटायला माहेरी आल्या होत्या. म्हणाल्या, नगरला डॉक्टरांची बैठक आहे, तिथे मला विचारतील, हे फोनवरचं तपासणं चालू ठेवावं का? तू सांग.

मी म्हटलं, पोटुशी होते तेव्हा मी स्वतः फोनवर होते, तुमच्या फोनने आम्ही दोघी वाचलो. बाळंत झाल्यावर मी आत आणि फोन बाहेर, मध्ये दोघं जण. मी आईला सांगायचं, आईने दादांना, दादांनी तुम्हाला, आणि प्रत्येकाने थोडं पुसून पुढे द्यायचं. तुमच्यापर्यंत स्वच्छ धुतलेली पोरगी यायची. मग त्या फोनचा उपयोग काय? उलट न झालेला बरा. फोन नसता तर हे दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभे राहिले असते. फोन होतोय, म्हणून सगळे निवांत होते.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, तूच लिहून दे.

ज्यांना उपयोग व्हायचा त्यांच्यासाठी सांगते. कशी आहेस, असं विचारूच नका, त्याला आमच्याकडे उत्तर नसतं. उशा किती घेऊन झोपतेस, असं विचारा. काल दारापर्यंत चालत गेलीस का, मध्ये थांबलीस का, असं विचारा. जिचं अंग आहे तिलाच बोलू द्या. उंबरा आड येत असेल तर उंबरा ओलांडा, वाऱ्याने कोणी मरत नाही. आणि बाळंतिणीचं तोंड कोणी तरी एकदा जाऊन बघा.

बाईंनी योजना बंद केली नाही. आता बाळंत झाल्यावर त्यांची नर्स एकदा तरी गावी जाऊन येते. चांगलं आहे. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे. होत नाही.

रविवार

आता आमच्या घरात फोन आहे. दादांनी अर्ज केला होता, कधीतरी नंबर लागला. माझ्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलाय. वरती आईने विणलेला रुमाल.

पौर्णिमा बोलायला लागली आहे. मंगलताई तिला रविवारी सुप्याच्या बूथवर आणतात आणि फोन लावतात. ती त्यांना आई म्हणते आणि मला फोनवरची आई. ताईंनीच शिकवलंय तसं, नाही तर मला कोण म्हणाली असती. सुट्टीत आणतात तेव्हा मी बसून तिला मांडीवर घेते. जरा वेळाने ती उतरते आणि पलीकडे जाऊन हात वर करते, उचल म्हणून. मंगलताईंकडे बघून.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी मशीन लावलं, बराच वेळ बघितलं आणि दादांना म्हणाले, जरा बाहेर येता का? मी म्हटलं, बाहेर नको, जे आहे ते मला सांगा, मधला माणूस नको. मग त्यांनी मला सांगितलं. हृदय आणखी ढिलं झालंय. गोळ्या वाढवू. पण आता सुधारेल असं धरून चालू नका. किती दिवस राहिलेत, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परत येताना एसटीत दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला. दादा समोर लसूण सोलत होते. पलीकडून मंगलताई म्हणाल्या, "बोल, बोल की." मग पौर्णिमाचा श्वास ऐकू आला, आणि मागे बूथपाशी थांबलेल्या माणसांचं बोलणं. मग ती म्हणाली, "आई, तू कशी हाय?"

दादांचे हात थांबले.

"बरी हाय," मी म्हणाले.

दादांनी मान वर केली नाही. पुढची पाकळी घेतली आणि सोलायला लागले.